शाबूत हात

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : हातातला चेंडू, अगदी जवळून]

हा बेसबॉलचा चेंडू नीट बघा. पांढरं कातडं, लाल दोरा, १०८ दुहेरी टाके. वजन दीडशे ग्रॅमच्या आतच, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. कोरा चेंडू हातातून सटकतो, म्हणून सामन्याआधी त्याला नदीकाठचा बारीक चिखल चोळतात. हा चिखल न्यू जर्सीतून येतो. दोन बोटं टाक्यांवर आडवी, अंगठा खाली.

आता नजर बोटांवरून खाली आणा. कोपरावर. आपली गोष्ट तिथली आहे.

[दृश्य : बुलपेनमधला (पिचरांच्या सरावाच्या जागेतला) पिचर, संथ गतीत]

आपला फास्ट बोलर लांबून धावत येतो, त्याच्या वेगातला काही भाग पायांतून येतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर धावत नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर तो उभा राहतो, एक पाय उचलतो, एक लांब पाऊल टाकतो, आणि तेवढ्यात चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेलेला असतो. बोलरच्या कोपरावर पंचांचा डोळा असतो, १५ अंशांहून जास्त सरळ झालं तर नो-बॉल. पिचरला असं बंधन नाही. इथे बघा, कोपर दुमडलंय, पंजा पाठीमागे इतका लवलाय की हात जवळजवळ आडवा झालाय. पुढच्या क्षणी तो चाबकासारखा पुढे येणार. तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूचं एक लहानसं, हाडाला हाड जोडणारं लिगामेंट झेलतं. प्रत्येक चेंडूला. एका सामन्यात नव्वद-शंभर वेळा.

[दृश्य : कोपराचं रेखाचित्र, मग डॉजर स्टेडियम, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर]

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन माँट्रियलविरुद्ध खेळत होता. त्या मोसमात पिचर म्हणून त्याच्या नावावर तेरा विजय, फक्त तीन पराभव. त्याचं हे लिगामेंट तुटलं. त्या काळी याचा अर्थ एकच होता, कारकीर्द संपली. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली एक कंडरा काढली, मनगटापासून कोपराकडे जाणारी बारीक दोरीसारखी. डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि ती त्यांतून ओवून बांधली. पुन्हा खेळशील याची शक्यता शंभरात एक, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. १९७५चा अख्खा मोसम तो बाहेर होता. १९७६मध्ये परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

आज जगभर ही शस्त्रक्रिया ‘टॉमी जॉन’ याच नावानं ओळखली जाते. विशीतली पोरं हे नाव ‘दाढ काढायचीय’ इतक्या सहजपणे घेतात. एक-दीड वर्ष जाईल, मग परत येऊ. या सहजपणानंच मला अस्वस्थ केलं, आणि म्हणून पन्नास वर्षांनंतरच्या त्याच संघाकडे आम्ही कॅमेरा वळवला.

[दृश्य : स्टेडियमबाहेरची जर्सीची दुकानं. पाठीवरची नावं]

२०२४. डॉजर्सनी पैसा सोडण्यात काही कमी ठेवलं नव्हतं. शोहेई ओतानी, दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. योशिनोबू यामामोतो, बारा वर्षं, साडेबत्तीस कोटी. टायलर ग्लासनाऊ, पाच वर्षं, पावणेचौदा कोटींच्या आसपास. तिघेही पिचर.

ओतानीच्या कोपरावर आदल्या सप्टेंबरमध्येच दुसरी शस्त्रक्रिया झालेली होती. एरवी पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा तो वर्षभर फक्त बॅट घेऊन खेळला. यामामोतोचा खांदा जूनमध्ये गेला. टोनी गोन्सोलिन, टॉमी जॉन. एमेट शीहन, टॉमी जॉन. वॉकर ब्यूलर दुसऱ्या टॉमी जॉननंतर मे महिन्यात परतला, पण हात पूर्वीचा राहिला नव्हता, त्यात कंबरेजवळचा सांधाही दुखावला. क्लेटन कर्शॉच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा मैदानात उतरला. डस्टिन मे कोपर बरं करत होता, तर जेवताना घशात सॅलडचं पान अडकून त्याची अन्ननलिकाच फाटली, तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. ही सगळी नावं एकाच संघाची आहेत, एकाच मोसमातली.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. फोनवर बोटं]

३० जुलै. लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे तीन. आपल्याकडे तेव्हा ३१ची पहाट, साडेतीन. ही ट्रेड डेडलाइन, संघांनी आपसात खेळाडू बदलायची शेवटची वेळ. पूर्वी ऑगस्टमध्येही मागच्या दारानं खेळाडू बदलता यायचे, २०१९पासून ते दार बंद झालं. या क्षणानंतर मुख्य संघातल्या खेळाडूंची अदलाबदल मोसम संपेपर्यंत नाही.

ज्याची अदलाबदल होते, त्याला बहुधा कोणी विचारत नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात, तरच आपोआप ‘नाही’ म्हणायचा हक्क मिळतो. किंवा तसं करारातच लिहून घेतलेलं हवं. बाकीच्यांनी बॅग भरायची.

आदल्या दिवशी शिकागो व्हाइट सॉक्स आणि सेंट लुईस कार्डिनल्सबरोबर तिहेरी सौदा झाला होता. त्यात मायकल कोपेक आला, ताशी १६० किलोमीटरच्या घरात टाकणारा. त्याचंही टॉमी जॉन २०१८मध्ये झालेलं. टॉमी एडमनही आला, मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी मेजर लीगचा एकही सामना न खेळलेला. आणि अखेरच्या तासांत डेट्रॉइट टायगर्सकडून पिचर जॅक फ्लॅहर्टी. जन्म बरबँकचा, शाळा लॉस एंजेलिसची. म्हणजे पोरगा घरी आला. त्याच्या बदल्यात दोन तरुण डेट्रॉइटला गेले, विकेटकीपरसारखा चेंडू झेलणारा कॅचर थायरॉन लिरांझो आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, ट्रे स्वीनी.

डॉजर्सनी काय घेतलं, याचा विचार करा. फ्लॅहर्टीचा करार त्याच मोसमापुरता होता. त्यांनी तीन महिन्यांसाठी एक चालू हात घेतला. तीन वाजेपर्यंत दुखत नसलेला.

[दृश्य : रिकामं बुलपेन. माती सारखी करणारा कर्मचारी]

ऑगस्टमध्ये ग्लासनाऊचं कोपर गेलं. नवखा रिव्हर रायन, टॉमी जॉन. महिनाअखेरीस गॅव्हिन स्टोनचा खांदा, त्या वर्षी संघासाठी सर्वाधिक सामने जिंकलेला हात तोच. कर्शॉ पायाच्या अंगठ्यामुळे बाहेर.

ऑक्टोबरमध्ये सॅन डिएगोविरुद्ध हरलो तर संपलं अशा सामन्यात डॉजर्सनी आठ पिचर एकामागून एक लावले आणि ८-० असा सामना काढला. पुढे न्यू यॉर्क मेट्सविरुद्ध फ्लॅहर्टीनं सामन्यातल्या नऊपैकी सात इनिंग एकही धाव दिली नाही, त्या मालिकेचा मानकरी एडमन ठरला. ३० ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध फ्लॅहर्टी दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला, पाच धावांची पिछाडी झाली, आणि तरी ७-६. वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, डॉजर्सची. शेवटची इनिंग ब्यूलरनं टाकली, एका दिवसाच्या विश्रांतीवर. दोनदा शिवलेल्या कोपरानं.

डेट्रॉइटला गेलेला स्वीनी ऑगस्टमध्येच मेजर लीगमध्ये खेळला, आणि फ्लॅहर्टीला देऊन टाकणारे टायगर्स दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचले.

[दृश्य : सार्वजनिक बागेतलं मैदान, सकाळ. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, जाळीमागे वेग मोजणारी रडार गन]

त्याच डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलनं पिचरांच्या दुखापतींवरचा आपला अहवाल बाहेर आणला. वेगाचा ध्यास, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा ध्यास, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकणं, ही त्यातली कारणं आहेत. आणि हे शाळकरी वयापासून सुरू होतं, असंही त्यात आहे.

या मुलाकडे बघा. चेंडू सुटला. तो कॅचरच्या ग्लव्हकडे बघत नाही. आधी आकडा बघतो.

[निवेदन थांबतं. मैदानावरचा आवाज तसाच ठेवावा.]