किती मिनिटे खेळवणार?

श्रोतेहो, नमस्कार. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी कोल्हापुरात एकतीस वर्षे नोकरी केली, आणि निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यात पालक तोच एक प्रश्न घेऊन माझ्या घरी येतात: "सर, पोरगं चांगलं खेळतंय, अकादमीत घालू का?" आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. गल्लीत, शाळेच्या मैदानावर, तालमीच्या पोरांबरोबर हौसेने फुटबॉल खेळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या गुणी मुलाला निवड चाचणी, ठरलेला सराव आणि वयोगटाची लीग असलेल्या स्पर्धात्मक प्रशिक्षणात केव्हा आणि कसे न्यावे, याविषयी मी बोलणार आहे. माझे उत्तर एका प्रश्नात मावते, आणि ऐकलेले लवकर निसटते म्हणून तो प्रश्न मी आज पुन्हा पुन्हा विचारणार आहे. प्रश्न असा, की तिथे आपले मूल प्रत्यक्ष सामन्यात किती मिनिटे खेळणार?

या गावाला फुटबॉलचे वेड लावावे लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे मुळात तालमींची, आणि आज त्यांच्या नावाने शाहू स्टेडियमची गॅलरी दुपारी दोनपासून भरते. त्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा दिल्लीच्या मैदानावर भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. वडील रिक्षाचालक, आणि मुलगा घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. भारत गटातले तिन्ही सामने हरला, तरी त्या महिन्यापासून माझ्या दारी येणाऱ्या पालकांची संख्या वाढली, ती अजून उतरलेली नाही. ती वाट खरी आहे, याबद्दल वाद नाही. मात्र जी मुले त्या वाटेवर अर्ध्यातून परत येतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून मी अशाच एका मुलाची गोष्ट सांगतो, आणि त्यात चूक कुणाची होती हे आधीच सांगून टाकतो. चूक माझी होती.

त्या मुलाला पेठेत सगळे बारक्या म्हणत. वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज, घरी आई आणि आजी. वयाच्या नवव्या वर्षी तो गांधी मैदानावर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत खेळत असे, कारण त्याच्या वयाची मुले त्याला खेळवायला पुरत नसत. पावसाळ्यात त्या मैदानाचे तळे होते हे आपण जाणताच. पाणी ओसरले की उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर यांचा डाव मांडलेला असे. अंगाने तो चिपाड होता, धक्का लागला की पडे. पण त्याने स्वतःच एक युक्ती शोधली होती. तो चेंडूवर उजवा पाय ठेवून नुसता उभा राही. समोरचा थोराड मुलगा त्वेषाने अंगावर धावून आला, की शेवटच्या क्षणी तळव्याने चेंडू मागे ओढी, आणि तो मुलगा चिखलात घसरत पुढे गेला, की याची स्वारी दुसऱ्या बाजूने निघून जाई. हे त्याला कुणी शिकवलेले नव्हते. मी तर नव्हेच.

दोन तासांवरच्या एका शहरात एका अकादमीच्या निवड चाचण्या होत्या. मी त्याच्या वडिलांना म्हणालो की या पोराला इथे ठेवणे म्हणजे त्याचे नुकसान आहे. चाचणी दोन दिवस चालली. घड्याळ लावून पळवले, शंकू मांडून चेंडू फिरवायला लावले, शेवटी सामना झाला, आणि बारक्या निवडला गेला. पेठेत पेढे वाटले. त्या दिवसापासून दर शनिवारी पहाटे पाचची एसटी, दोन दिवस गॅरेजला कुलूप, रात्री परत, रविवारी पुन्हा तेच. अकादमीने एक सूचनाही दिली होती, की मुलाने गल्लीत खेळू नये, वाईट सवयी लागतात आणि दुखापतीही होतात. मला ती सूचना तेव्हा योग्य वाटली होती, हेही आज कबूल करतो.

तीन महिन्यांनी त्याची आजी भाजी मंडईत भेटली. म्हणाली, "सर, पोरगं आता अंगणात बी खेळंना झालंय. चेंडू कोपऱ्यात पडलाय बघा." मी पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

अकरा वर्षांखालील मुलांचा सामना होता. बारक्या बाकावर होता, अंगात राखीव खेळाडूंची ती जाळीची बिनबाह्यांची बंडी घातलेली. पूर्वार्धात त्याने बुटांच्या नाड्या तीनदा सोडल्या आणि तीनदा बांधल्या. शेवटची सात मिनिटे उरली तेव्हा त्याला आत सोडले, चेंडू त्याच्याकडे दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्याने तो पायाला चटका बसावा तसा शेजारच्याला देऊन टाकला. तळव्याखाली चेंडू घेऊन उभा राहणारा मुलगा तो हाच, यावर माझा विश्वास बसेना. मग मी सलग चार रविवार गेलो आणि माझ्या छोट्या वहीत त्याची मिनिटे मांडली. चार सामन्यांत मिळून १९ मिनिटे भरली. चार महिन्यांपूर्वी हाच मुलगा रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळत होता.

प्रशिक्षक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "सर, पाय चांगला आहे, पण अंगाने मार खातो. वर्षभराने बघू. सामने हरलो तर इतर पालक मला विचारतात." तिथल्या टेबलावर खेळाडूंची यादी होती, नावापुढे जन्मतारीख. ती मी सवयीने वाचत गेलो, आणि मैदानात उतरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले जानेवारी ते एप्रिलमधली निघाली. बारक्याचा जन्म १९ डिसेंबरचा.

परत येताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. बराच वेळ गप्प राहून त्याने मला विचारले, "सर, चुकलं तर चालंल का?" मी म्हणालो, "कुठे?" तो म्हणाला, "कुठं बी." पुढच्या शनिवारी गॅरेज उघडले गेले, आणि अकादमीला मी स्वतः फोन करून कळवले.

श्रोतेहो, गोष्टीने बराच वेळ खाल्ला, तेव्हा तिच्यामागचा हिशेब थोडक्यात सांगतो. फुटबॉलमधले वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे १ जानेवारीपासून धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे एकाच गटात येतात आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो दहावा हिस्सा झाला. तेवढ्यात उंची, पल्ला, धक्का सोसण्याची ताकद सगळे बदलते, आणि निवडणाऱ्याला ते गुण वाटतात. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या गेल्या तेव्हा निवडलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच जास्त दिसले होते, आणि पुढे फुटबॉलच्या याद्यांतही तेच आढळले. म्हणजे दहाव्या वर्षी आपण पुष्कळदा गुण निवडत नाही, जन्माचा महिना निवडतो. आणि ज्यांनी मुलाचा खोटा जन्मदाखला काढून त्याला दोन वर्षे लहान केले आहे, त्यांच्याबद्दल काय बोलावे? भारतीय फुटबॉल महासंघाला मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वय तपासावे लागते, ते या आपल्याच लोकांमुळे. खेळाची पहिली ओळख जर खोट्या कागदाने होत असेल, तर मुलाला पंचाचा निर्णय मानायला कोणत्या तोंडाने शिकवायचे?

दुसरे, मैदान आणि चेंडू नीट पाहा. मोठ्या माणसांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि त्यात नऊ वर्षांचे पोर उभे केले तर चेंडू डोक्यावरून मारणारा थोराड मुलगा उगीचच नायक ठरतो. या वयात पाच-पाच किंवा सात-सात जणांचे संघ, लहान गोल, आणि तीन किंवा चार नंबरचा चेंडू हवा. मोठ्यांच्या पाच नंबरच्या चेंडूला तेराव्या वर्षापर्यंत घाई नाही. संघ लहान असला की प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो, साधी गोष्ट आहे. प्रशिक्षण केंद्राची पायरी चढताना टर्फ किती हिरवे आहे हे पाहू नका, किती मिनिटे खेळवणार ते विचारा. हरणाऱ्या सामन्यातही खेळवणार का, हेही विचारा.

सरावाच्या तासांबाबत क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ एक ढोबळ माप देतात, की आठवड्यातले शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचे हाड सतत दुखत असेल, तर ते आळसाचे ढोंग नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि गल्लीतला खेळ बंद करू नका. तिथे चूक झाली तर पोरे हसतात आणि खेळ पुढे चालू राहतो, तिथेच मूल नवे काही करून पाहते. शाळेतला खेळाचा तास गणिताला देणारे मुख्याध्यापक मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे गल्ली गेली तर उरते काय, हा प्रश्न मला भेडसावतो. मुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांना पेठेत कुणी खेळायला घेतच नाही, म्हणून मुलीसाठी चांगले केंद्र मिळत असेल, तर तिला मी लवकर पाठवा असेच सांगतो.

बारक्या दोन वर्षे शाळेच्या संघात आणि पेठेत खेळला. बाराव्या वर्षी त्याने उंची घेतली, तेराव्या वर्षी तो स्वतःच म्हणाला की आता जाऊन बघतो. या वेळी केंद्र गावातच होते आणि मी सोबत गेलो, पण बोललो नाही. नोंदणीच्या टेबलाशी त्याच्या वडिलांनी पैशाचे पाकीट खिशातच ठेवले आणि विचारले, "साहेब, मॅचमध्ये किती मिनिटं खेळवणार?" प्रशिक्षक तरुण होता. तो हसला नाही. त्याने खणातून एक लांबट रजिस्टर काढले, ज्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक सामन्याची मिनिटे पेन्सिलीने लिहिलेली होती. गॅरेजच्या तेलाने काळे पडलेले बोट एकेका ओळीवरून खाली नेत वडिलांनी पूर्ण पान वाचले, पान उलटून मागचेही वाचले, आणि मगच पाकीट बाहेर काढले. नमस्कार.