वीज, सेकंद आणि शाळेची घंटा

मुलांनो आणि गुरुजनहो, फळ्यावर ‘शाळेची आपत्ती-सिद्धता’ असा विषय लिहिलाय. त्यातली मी फक्त वीज घेणार आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात, विदर्भात शेतातली माणसं आणि गुरं दरवर्षी विजेनं जातात. यातले बरेच मृत्यू टाळता येतात, म्हणून हा आग्रह.

आधी मोजायला शिकू. वीज चमकली की प्रकाश लगेच दिसतो. आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तीस सेकंद झाले, तर किती? दहा किलोमीटर, बरोबर. एवढ्या लांबच्या ढगातली पुढची वीज पाऊस नसतानाही तुमच्या शिवारात पडू शकते. म्हणून वीज जवळ येतेय की लांब जातेय, एवढंच या मोजणीवरून बघायचं. आत जायला पहिला गडगडाट पुरेसा आहे.

आता सांगा, पायाळू माणसावर वीज पडते असं कुणी कुणी ऐकलंय? बघा, शिक्षकांचेही हात वर आहेत! जन्माच्या वेळी आधी पाय आले की डोकं, याच्याशी विजेचा काही संबंध नाही. ढगात साधारण उणे दहा ते उणे वीस अंशांना बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धन प्रभार घेऊन वर जातात, जड गारा ऋण प्रभार घेऊन खाली राहतात. खालून उंच वस्तू त्या प्रभाराला वाट देते. मोकळ्या रानात ती उंच वस्तू म्हणजे झाड, नाहीतर उभा माणूस. या समजुतीचा मला राग येतो, कारण ‘आपल्यात कुणी पायाळू नाही’ म्हणून माणसं बिनधास्त झाडाखाली थांबतात.

झाडाखाली काय होतं? खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज सहज जाते, म्हणून ती खोडातून बाजूला उडी मारते. शिवाय जमिनीतूनही ती चहूकडे पसरते. दोन पायांत जेवढं अंतर, तेवढा त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक जास्त. गायीच्या पुढच्या-मागच्या पायांत दीडेक मीटर अंतर असतं आणि वाटेत हृदय येतं. झाडाखाली बांधलेली गुरं म्हणूनच एकदम दगावतात. रानात अडकलात तर आडवं पडू नका. पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांत वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवा. याला सुरक्षित म्हणत नाही मी, दुसरा इलाजच नसेल तेव्हाचं हे आहे. पक्कं घर किंवा काचा लावलेली एसटी खरी सुरक्षित. पत्र्याची उघडी शेड, ट्रॅक्टर, मोटारसायकल नाही.

आणखी एक. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावा. एकाच वेळी अनेक जण पडले, तर श्वास थांबलेल्याकडे आधी धावा. अशा वेळी हृदय कधीकधी आपोआप सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो, आणि प्राणवायू न मिळाल्यानं ते पुन्हा थांबतं. १०८ लावा. छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच सेंटीमीटर खोल दाबा. शिकलेला कुणी असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास.

मुख्याध्यापक घड्याळ दाखवताहेत, तर मूळ विषय भराभर सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप दोन शिक्षकांच्या फोनवर ठेवा. गडगडाट झाला की मैदान रिकामं करण्याची वेगळी घंटा ठरवा. ती वाजवण्याचा अधिकार शिपायालाही द्या, परवानगी शोधण्यात वेळ जातो. मुलांना वर्गात घ्या, व्हरांड्यात नको. खिडक्या, नळ आणि प्लगला जोडलेल्या वस्तूंपासून लांब बसवा.

इमारतीवर वीजरोधक असेल तर मे महिन्यातच तपासून घ्या. गंजलेला जोड, तुटलेली किंवा चोरीला गेलेली पट्टी, कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा, हे नेहमीचे दोष. अर्थिंगचा विद्युतरोध १० ओहमच्या आत हवा. आणि तो रोधक मैदानाला संरक्षण देत नाही.

शाळा सुटायची वेळ झाली आणि गडगडाट चालू असेल, तर मुलांना सोडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं थांबवा. मध्ये पुन्हा गडगडलं, तर तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. पालकांना हे जूनच्या पहिल्याच सभेत सांगून ठेवा, म्हणजे फाटकाशी घाई होणार नाही.