ढाबळीतली दोन पाखरं

(दृश्य : पहाट. गच्चीवरची कबुतरांची लाकडी ढाबळ. आतून घुमण्याचा आवाज.)

सोलापूर. पहाटेचे साडेपाच. जिना चढतानाच घुमणं ऐकू येतं. 14 खण, जाळीचं दार, वर पत्रा. आजोबांनी बांधलेली ही ढाबळ आता माझ्याकडे आहे. कबुतरं 22. बहुतेक उंच उडणारे गिरेबाज, चार पंख्यासारख्या शेपटीचे लक्के.

दार उघडून दिवा लावला की कधीकधी एखादा भुरकट पतंग दिव्याभोवती घिरट्या घालतो. आमच्या घरात त्यालाही पाखरूच म्हणतात. ‘ज्वारीत पाखरं झाली’, हे आईचं वाक्य. आणि आजोबा कबुतरांना पाखरं म्हणायचे. एकाच ढाबळीत दोन पाखरं.

(दृश्य : ज्वारीचं पिंप. हात आत जातो.)

दाणे सुटे हाताला लागत नाहीत, बघा. एकमेकांना चिकटलेला गोळाच वर येतो. हलकेच फोडला की आत रेशमासारखी जाळी आणि जाळीत मळकट पांढरी अळी. पतंग स्वतः दाणा खात नाही, खाते ती ही अळी. ज्वारी, बाजरी, मका, शेंगदाणा, तिला काहीही चालतं. शेतकरी मंडळी शेतात ट्रायकोकार्ड, म्हणजे पतंगाच्या अंड्यांत वाढवलेल्या, कीड मारणाऱ्या बारीक मित्रकीटकांचं कार्ड, लावतात ना? त्या कार्डावरची बारीक अंडी बहुधा याच जातीच्या पतंगाची असतात. प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवलेली.

अळीनं कबुतर मरत नाही. पण जाळी धरलेलं धान्य ओल धरतं, त्याला बुरशी येते, आणि बुरशीचा दाणा कबुतराला खरंच मारतो. म्हणून मे महिन्यात गच्चीवर ज्वारीला ऊन द्यायचं. थर पातळ, बोटभर. आणि संध्याकाळी धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय पिंपात भरायचं नाही. गरम धान्य बंद पिंपात घामेजतं आणि केलेली मेहनत वाया जाते. मागच्या वर्षीचं पोतं तसंच वापरलं, तर त्याच्या शिवणीतून नव्या धान्यात अळी येतेच.

धान्यातलं पाखरू निदान दिसतं तरी. मला काळजी आहे ती न दिसणाऱ्याची.

(दृश्य : हातात कबुतर. बोटानं पिसं उलटी फिरवतात.)

आता नीट बघा. पिसांखालून काहीतरी तिरकं पळालं, खेकड्यासारखं. ही कबुतरमाशी. चपटी, तपकिरी. चिमटीत दाबली तरी चिरडत नाही, बोटातून निसटते. हिला उडता येतं, पण बहुतेक वेळ ती पिसांतच राहून रक्त पिते. माणसालाही चावते. आणि रक्त पिता पिता एका कबुतराचा रोग दुसऱ्याला देते. हा आजार मलेरियाच्या नात्यातला, तांबड्या पेशींत राहणारा. तो या माशीमुळे पसरतो हे 1906 साली अल्जीरियात सेर्जां बंधूंनी दाखवून दिलं. तो जंतू माशीच्या पोटात कसा वाढतो, हे इथे भारतात हेलन एडी या बाईंनी शोधलं आणि 1915 मध्ये छापलं. शंभर वर्षांपूर्वीचं हे काम आमच्यासारख्या ढाबळवाल्यांच्या कानावरच आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मोठी कबुतरं तग धरतात, पिल्लं फिकी पडतात.

ही माशी अंडी घालत नाही. अळी पोटातच पोसते आणि एका वेळी एकच, पूर्ण वाढलेली अळी घरट्याच्या कचऱ्यात टाकते. थोड्याच वेळात त्या अळीचा काळा, चकचकीत मणी होतो. मी असे सात मणी काचेच्या बरणीत ठेवले आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. रोज सकाळी बघायचो. 25 व्या दिवशी पहिली माशी काचेवर बसलेली दिसली.

तेव्हापासून दारामागच्या कॅलेंडरवर दर 15 दिवसांनी लाल गोल असतो. त्या दिवशी सगळा कचरा बाहेर. मणी माशी होण्याआधीच जायला हवा.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. मी दहावीत होतो. एका दुकानदारानं पिकावरची पावडर दिली, म्हणाला, ‘खणात भुरभुरव, एक किडा राहणार नाही.’ किडे गेले. पण दोन दिवसांत तीन पिल्लंही गेली. त्यांच्या माना मागे वळल्या होत्या. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी खण धुऊन काढले. पिकाचं औषध पाखरावर कधीही टाकू नका. पशुवैद्याला विचारा, पक्ष्यांसाठीचं औषध घ्या आणि मात्रा तोच सांगेल तेवढीच.

(दृश्य : रात्र. बॅटरीच्या उजेडात बसायची दांडी.)

दांडीखालून पांढरा रुमाल फिरवला. त्यावर तांबडे डाग पडले. दिवसा फटीत दडून बसणारे बारीक किडे रात्री बाहेर येऊन रक्त पितात. हे रक्त कबुतराचं आहे. उपाशीपोटीही हे किडे कित्येक महिने जगतात, म्हणून ढाबळ नुसती रिकामी ठेवून भागत नाही. फटी बुजवायच्या, लाकडाला चुना मारायचा. झाडताना तोंडाला फडकं हवंच, विष्ठेची धूळ छातीत जाते.

उवा काढायचं बरंचसं काम कबुतर स्वतः करतं. त्याच्या चोचीचं वरचं टोक खालच्यावर जरासं आलेलं असतं. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेल क्लेटन आणि सहकाऱ्यांनी तेवढंच टोक छाटून पाहिलं, तर उवा भराभर वाढल्या. वरचं टोक नसेल तर ऊ चिमटीत चिरडता येत नाही. म्हणून चोचीला कात्री लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, नका लावू. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पसरट घमेल्यात पाणी ठेवा. कशी उड्या मारतात बघा.

(दृश्य : कॅलेंडरवरचा लाल गोल. घरट्याची दोन पसरट मातीची भांडी, म्हणजे परळ.)

आज गोलाची तारीख. सातव्या खणात नऊ दिवसांची दोन पिल्लं आहेत, अजून पिवळी लव अंगावर. एक हात पोटाखाली, दुसरा पाठीवर. जुन्या परळातून उचलायची आणि कडुनिंबाच्या वाळक्या काड्या घातलेल्या नव्या परळात ठेवायची. जुना परळ वाकडा केला की तळाशी मणी. आज दोन. ते पत्र्याच्या डब्यात, वर उकळतं पाणी.

मादी दांडीवरून मान तिरकी करून बघतेय. मी दोन पावलं मागे सरकतो. ती उतरते, परळाभोवती एक फेरी मारते, पिल्लांवर बसते.