बॅटरी बदलण्याआधी हेडलाइट लावा

अध्यक्षांनी पस्तीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा हारतुऱ्यांत गेली. असो. बॅटरी बदलूनही ज्यांची गाडी सुरू झाली नाही, त्यांनी हात वर करा. चार... पाच. मागे एक अर्धा हात आहे, तोही धरतो.

भाचीचं लग्न वाईला होतं. पहाटे सहाला कोथरूडमध्ये किल्ली फिरवली, तर एकच ‘टक’. मेव्हणे म्हणाले, “बॅटरी गेली.” आमच्याकडे मेव्हण्यांचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट. वऱ्हाड एसटीने गेलं. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घातली, दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक’. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवला, त्यातले कार्बनचे ब्रश बदलले. पुन्हा तेच. घरात आता जुनी बॅटरी, जुने ब्रश आणि मेव्हणे, तिघंही बसून.

शेवटी कोपऱ्यावरचा वायरमन आला. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने विचारलं, “काका, गाडीचं डेंटिंग-पेंटिंग केलंय का इतक्यात?” केलं होतं! त्याने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनला. म्हणाला, “मारा सेल.” पहिल्या फटक्यात सुरू! रंगकाम करणाऱ्याने इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली होती, आणि रंगातून करंट जात नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, सेल्फचा करंट परतायला ती पट्टीच लागते. वाट मिळाली नाही, तर तो सापडेल तिथून जातो. आमची ॲक्सिलरेटरची केबल हात लावता येणार नाही इतकी तापली होती. वायरमनने काचपेपरने रंग खरवडला, बोल्ट आवळला आणि शंभर रुपये घेतले. आधीच्या खर्चाचा आकडा सांगत नाही, सौ. समोर बसल्या आहेत.

आता गंमत बघा. गाडी बंद ठेवून नुसत्या मल्टिमीटरने तो जोड तपासला असता, तर ठीकच दिसला असता. पण सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो. जोडात ०.०२ ओहमचा अडथळा असला, तरी तीन व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणून सेल मारतानाच मोजायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भरभर सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा, सेल मारा. दिवे मरगळले, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. बंद गाडीत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट हवी, सेल मारताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, इग्निशन स्विच. दिवे लख्ख पण ‘टक’, तर सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या मोठ्या विजेच्या स्विचचे, कॉन्टॅक्ट किंवा आमच्यासारखी अर्थिंग. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसऱ्याला सेल मारायला लावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, की चोर सापडला. इंजिन दणदणीत फिरतंय पण पकडत नाही, ते दुखणंच वेगळं, त्याला दुसरं व्याख्यान लागेल.

पॅरासिटिक ड्रेन, म्हणजे बंद गाडीतही बॅटरी गुपचूप खाणारी गळती, राहिलं. हॉलवाले दिवे घालवताहेत. मीटर माझ्या पिशवीत आहे, पार्किंगमध्ये या.