गाऱ्हाण्यातला होकार

नमस्कार श्रोतेहो.

गाऱ्हाणं कसं घालतात हे सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. देवळासमोर गावकरी जमतात. गुरव किंवा मानकरी पुढे उभा राहतो आणि खड्या आवाजात सुरू करतो, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, तेंच्यार राजी ऱ्हव. जो काय वाकडोनाकडो असात तो सुरळीत कर." प्रत्येक मागण्यामागून सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" यात डोळे मिटून मनातल्या मनात पुटपुटणं नसतं. जे सांगायचं ते चारचौघांत आणि नावानिशी. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. देवाकडे तक्रार घेऊन जायचा हक्क माणसाला आहे, असं आमची भाषाच धरून चालते.

माझे बाबा रापणकार. रापणीचं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि मग त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. कमरेला दोरी, पाय वाळूत रुतलेले, सगळ्यांचा झोक एकाच वेळी मागे. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. बाबा रोज पहाटे समुद्राला हात लावून तो कपाळाला लावायचे. नारळीपौर्णिमेला नारळ वाढवल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू होत नसे.

२००९च्या ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसं समुद्रात होती, हे त्या घरांना कोणी सांगायला नको. माझा थोरला भाऊ रत्नागिरीकडच्या एका लाँचवर कामाला होता. तो आला नाही. आईने त्या तीन रात्री जे जे देव आठवले त्या सगळ्यांना नवस बोलले. चौथ्या दिवसापासून बाबांनी हात जोडणं सोडलं. देवाला शिव्या दिल्या नाहीत की देव्हारा हलवला नाही. फक्त पहाटे समुद्राला हात लावायचा, तो हात त्यानंतर पुढे झाला नाही. आई मात्र तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावतच राहिली.

एकाच घरात, एकाच दुःखातून एकाने प्रार्थना सोडली आणि दुसऱ्याने ती अधिक घट्ट धरली. आईला मी भाबडी म्हणणार नाही आणि बाबांना नास्तिक म्हणून बाजूला ठेवणार नाही. दोघांनी आपापल्या जिवाला जे झेपलं ते केलं. आणि दोघांनी एकमेकांना अडवलं नाही, याचं मला आजही मोल वाटतं.

प्रार्थना करायची की नाही, आणि करायची तर कशी, हा प्रश्न याच किनाऱ्यावर माणसांनी किती तऱ्हांनी सोडवलाय पाहा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, सगळे विधी आणि मंत्र जाणणारे. पण ते प्रार्थना समाजात रमले. १८६७ साली मुंबईत निघालेल्या या समाजाने मूर्तिपूजा बाजूला ठेवली, आणि प्रार्थना मात्र नावातच घेतली. तुकोबांचे अभंग तिथे मूर्तीविना गायले जात.

वर अलिबागेकडे गेलात तर बेने इस्राएल मंडळींची गोष्ट ऐकायला मिळते. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. मराठी त्यांची मातृभाषा झाली, हिब्रू विसरली. पण 'शमा इस्राएल', म्हणजे 'ऐक, हे इस्राएला', ही प्रार्थना टिकली. बाकी सगळं गेलं तरी कित्येक पिढ्या ओठांवर राहिलेली एक ओळ. त्या लेकरांना तिचा अर्थ पुरता कळत होता की नव्हता, मला ठाऊक नाही. पण आजोबा म्हणायचे म्हणून नातू म्हणत होता, आणि सवय म्हणून केलेल्या प्रार्थनेला उठसूट पोकळ म्हणणाऱ्यांनी या ओळीचा जरूर विचार करावा.

आता मंडणगड तालुक्यात चला. तिथलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, ही त्यातली पहिलीच. ज्या देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्या देवळातल्या देवाला हात जोडायचे नाहीत, हा निर्णय किती सरळ आहे! कोकणातल्या बौद्धवाड्यांत आज वंदना होते. पंचशील नीट ऐका. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' येतं, म्हणजे हे मी स्वतः पत्करतो. कोणाकडे काही मागणं नाही. मी हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, हे आपणच आपल्याला बांधून घेणं. तिला प्रार्थना म्हणावं की नाही, हे म्हणणाऱ्यांनी ठरवावं. मला ऐकताना अंगावर काटा येतो एवढं खरं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग आहे. भीती घालून करवून घेतलेल्या प्रार्थनेचा.

आमच्या वाडीतला एक तरुण भाताची लावणी करून तापाने पडला. पायाला भेगा, चिखलात दिवसभर उभा. पिंढऱ्या दुखत होत्या, डोळे लाल. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, ही लक्षणं आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवीत. उंदरांच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतात आणि वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरा होतो. पण कोणीतरी घरच्यांना सांगितलं, देवचाराचा, म्हणजे गावाच्या राखणदाराचा, मान चुकलाय, म्हणून हे झालं. मग देवाला विचारायला कौल लावणं, कोंबडा देणं, यात तीन दिवस गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा आजार मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. तो वाचला, पण पुन्हा पूर्वीसारखा चिखलात उभा राहू शकला नाही. त्याच्या आईने मनोभावे प्रार्थना केली होती, त्यात तिचा काय दोष? दोष त्या सांगणाऱ्याचा, ज्याने तिच्या श्रद्धेत भीती कालवली. देवाला सांगायचं असेल तर दवाखान्याच्या वाटेवर सांगा. रिक्षात बसून केलेलं गाऱ्हाणंही त्याला पोचतंच की.

बाबांकडे परत येतो.

हात जोडणं सोडल्यावरही ते गाऱ्हाण्याला जायचे. एवढंच नव्हे, 'व्हय म्हाराजा' म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. मला हे कोडं होतं. एकदा जाळं विणत बसले होते, तेव्हा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही देव मानत नाय, मग व्हय म्हाराजा कित्याक म्हणतात?"

सुई थांबवली नाही. म्हणाले, "गाऱ्हाण्यात देव एकदा येता, माणसां धा येळा येतत. कोणाचा पोर आजारी, कोणाची म्हस व्यायची हा, कोण मुंबयक नोकरेक लागलोसा. तेंका व्हय म्हणूक माका देव कित्याक व्हयो?"

तेव्हापासून मी गाऱ्हाणं वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. गुरव सुरुवात करण्याआधी विचारतो, "कोणाचा काय ऱ्हवला काय?" मग मागून आवाज येतात. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाचा भावाशी जमिनीचा तंटा आहे, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही. एरवी जे कोणी दाराबाहेर बोलणार नाही, ते देवाच्या नावाने बोललं जातं आणि सगळा गाव ते ऐकतो. देव ऐकतो की नाही यावर वाद घालता येईल. गाव ऐकतो यावर वाद नाही.

मी स्वतः प्रार्थना करतो. मोकळेपणाने सांगतो, मागतोही. बाबा अखेरच्या आजारात होते तेव्हा रुग्णालयाच्या जिन्यावर बसून मी ते जगावेत म्हणून मागितलं. ते गेले. तरी माझं मागणं थांबलं नाही. शब्दांत मांडायला बसलो की मला कळतं, मला नेमकी कशाची काळजी आहे आणि कोणाची. त्या रात्री कळलं की बाबांइतकीच मला आईची भीती वाटत होती, ती एकटी कशी राहील याची. ते कळलं म्हणून मी गावी परत आलो. उद्या माझ्या मुलीला हात जोडावेसे वाटले नाहीत तर तिने जोडू नयेत. तिने फक्त आजीच्या दिव्यात तेल आहे की नाही ते बघावं, एवढी माझी इच्छा आहे.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या गाऱ्हाण्याला मी त्यांच्या जागी उभा होतो. गुरवाने विचारलं, "तुमचा काय?" मला सुचेना. बाबांसाठी मागायचं काही उरलं नव्हतं, भावासाठी तर नव्हतंच. तोंडातून निघालं, "आयेचे गुडघे दुखतत."

"बा देवा म्हाराजा, रापणकाराच्या घरातल्या माउलीक चालता-फिरता ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर शेजारची काकी निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्या, पाल्याचा भारा घेऊन पायरीवर उभी. म्हणाली, "पाणी तापत ठेव. शेकूक घेव या."