तक्रारीचा कागद कुठं जातो?

(दृश्य: सकाळ. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय. आवक-जावकचं टेबल, शाईचं पॅड, रबरी शिक्का.)

फुलस्केप कागदावर हातानं लिहिलेला हा अर्ज बघा. वर 'मा. पोलीस अधीक्षक साहेब यांसी', खाली अंगठा. तक्रार एका फौजदाराबद्दल आहे. समजा, शेताच्या बांधावरून भांडण झालं, ठाण्यात बोलावलं, आणि तिथं पट्ट्यानं मारलं.

शिक्का बसतो. तारीख पडते, आवक क्रमांक पडतो. अर्जदारानं दुसरी प्रत आणली असेल, तर तिच्यावर पोच मिळते. ती पोच जपून ठेवायची. पुढं कोणी 'असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही' म्हणालं, तर दाखवायला हातात दुसरं काही नसतं.

अर्ज जातो अर्ज शाखेत. त्यावर शेरा पडतो, 'चौकशी करून अहवाल सादर करावा'. मग कागद खाली उतरू लागतो. अधीक्षकांकडून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे, आणि अनेकदा तिथून पुढं, ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे त्याच ठाण्यात. काही दिवसांनी अर्जदाराला फोन येतो, 'तुमच्या अर्जाची चौकशी आहे, जबाब द्यायला या.'

ज्या दारातून तो मार खाऊन बाहेर पडला, त्याच दारातून त्याला पुन्हा आत जायचं असतं. तक्रारीत तथ्य किती, हा प्रश्न नंतरचा. तिचं भवितव्य आधी ठरतं ते ती कोणाच्या टेबलावर पडली यावर.

(दृश्य: जुना कृष्णधवल नकाशा. वैनगंगेचं खोरं.)

२६ मार्च १९७२ची रात्र. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. एक आदिवासी मुलगी भावासोबत पोलीस ठाण्यात आली होती. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर पाठवलं, तिला मात्र थांबवून घेतलं. आत तिच्यावर अत्याचार झाला, असं तिनं बाहेर आल्यावर सांगितलं. तोवर ठाण्यासमोर माणसं जमली होती. त्या गर्दीसमोर तिची तक्रार लिहून घेतली गेली. गर्दी नसती तर ती लिहिली गेली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आरोपी होते दोन पोलीस. सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही, असं धरून. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर त्या मुलीनं कोणाला हाक मारायची होती?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीनं न्यायालयात सांगितलं, तर अशा खटल्यात न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. त्या मुलीला स्वतःला मात्र या बदलाचा काही उपयोग झाला नाही.

(दृश्य: घाटातलं धुकं. रस्त्याकडेचा कठडा.)

नोव्हेंबर २०१७, सांगली. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीतून पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. घरच्यांना ते पटलं नाही, त्यांनी विचारणं सोडलं नाही. त्याचा मृत्यू कोठडीतच झाला होता आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता, असं पुढं तपासात आलं. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. तपास स्थानिक पोलिसांकडून काढून राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीआयडीकडे गेला.

कोठडीत माणूस गेला, तर नियम तुलनेनं कडक आहेत. चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं असतं. पोलीस तपास चालू असला, तरी दंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी कायद्यानं बंधनकारक आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली.

अटकेचेही नियम आहेत. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. डिसेंबर १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अकरा गोष्टी ठरवून दिल्या. पोलिसाच्या छातीवर स्पष्ट नावाची पट्टी. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही. नातेवाइकांना खबर. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. चौकशी अधिकाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्याचं अर्धं काम सोपं होतं. नोंद आहे का बघायचं, नसेल तर का नाही ते विचारायचं.

पण बहुतेक तक्रारी मृत्यूच्या नसतात. शिवीगाळ, थप्पड, तक्रार न घेणं, पैसे मागणं, रात्रभर बसवून ठेवणं. हे सगळं त्या अर्ज शाखेच्या टेबलावरूनच जातं.

तथ्य दिसलं, तर प्राथमिक चौकशी. मग विभागीय चौकशी. दोषारोप, साक्षीदार, उलटतपासणी, बचाव. शिक्षा सक्त ताकिदीपासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत, आणि शेवटी बडतर्फीपर्यंत. या सगळ्यात तक्रारदार हा फक्त एक साक्षीदार असतो. बातमीत 'निलंबित' वाचून लोकांना वाटतं, न्याय झाला. चौकशी होईपर्यंतचं निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि माणूस कामावर परतूही शकतो.

पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची, यातली अडचण ओळखून सर्वोच्च न्यायालयात गेलेला माणूस स्वतः पोलीस होता. प्रकाश सिंह, उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक. याचिका १९९६ची, निकाल २२ सप्टेंबर २००६चा. दहा वर्षं. त्या निकालानं प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश, आणि शिफारस बंधनकारक.

(दृश्य: मुंबई. सरकारी इमारतीचा जिना, पाटी.)

महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. राज्य पातळीवर प्राधिकरण, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सोबत निवृत्त पोलीस अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी आणि समाजातली एक मान्यवर व्यक्ती. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, रीत सोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, यांची चौकशी ते करू शकतं. दिवाणी न्यायालयासारखं साक्षीदाराला बोलावू शकतं, कागद मागवू शकतं. पीडित माणूस अर्ज करू शकतो, त्याच्या वतीनं दुसरं कोणीही करू शकतं.

पण न्यायालयानं जिल्हा म्हटलं होतं, आपल्या कायद्यानं महसूल विभाग, म्हणजे अनेक जिल्ह्यांचा मिळून एक गट, धरला. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठावं लागणार. शिवाय अहवाल शेवटी राज्य सरकारकडे जातो, आणि कारणं नोंदवून सरकार तो नाकारूही शकतं. मला ही दुरुस्ती अपुरी वाटते. दार उघडलं खरं, पण ते पोलिसांच्या वरच्या खात्याच्या अंगणातच उघडलं.

दुसऱ्या वाटाही आहेत. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. लाच मागितली असेल, तर पैसे देण्याआधी १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत, तर लेखी अर्ज अधीक्षकांना, आणि तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

आणि कॅमेरा. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत. आत येण्याचं दार, कोठडी, व्हरांडा, एकही कोपरा सुटता कामा नये. आवाजही टिपला जायला हवा. चित्रण अठरा महिने जपायचं, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष. म्हणून मारहाणीच्या तक्रारीत तारीख आणि वेळ नेमकी लिहायची, आणि त्या वेळेचं चित्रण जतन करा, ही मागणी पहिल्याच अर्जात करायची. सहा महिने टोलवाटोलवीत गेले, की अठरा महिन्यांतले सहा गेले.

(दृश्य: टेबल, दोन खुर्च्या. जबाब लिहिला जातोय.)

पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येऊ. समजा, या वेळी त्याचा अर्ज दुसऱ्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याकडे चौकशीला आला. जबाब चालू आहे. अधिकारी पोलिसी मराठीत लिहून घेतात, 'सदर इसमाने माझ्याशी किरकोळ धक्काबुक्की केली'. शेतकऱ्याला वाचता येत नाही. सोबत आलेली मुलगी म्हणते, 'साहेब, सहीआधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा ना.'

अधिकारी वाचतात.

'धक्काबुक्की नाही, साहेब,' म्हातारा म्हणतो. 'पट्ट्यानं मारलं. पाठीवर. तसं लिहा.'

अधिकारी ती ओळ खोडतात, बाजूला सही करतात, आणि पुन्हा लिहायला घेतात.