हंडी प्लॅस्टिकात गुंडाळलीत? आधी हे बघा!

नमस्कार मंडळी! विसर्जन झालं आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न: छताला टांगायची काचेची जुनी दिव्याची हंडी माळ्यावर ठेवायची कशी? आणि हो, प्रत्येकाची हंडी बेल्जियमची! बेळगाव ते निपाणी एवढ्या हंड्या आल्या, तर बेल्जियमवाले अंधारातच बसले असतील की ओ.

धूळ मऊ ब्रशने झाडा, सोनेरी नक्षी घासू नका, चिंच-लिंबू पितळेला, काचेला नाही. झालं.

आता मुद्दा. प्लॅस्टिकात गुंडाळू नका.

काच म्हणजे वाळू, सोडा किंवा पोटॅश, आणि चुना. दमट हवेतलं पाणी काचेवर बसलं की त्यात हा सोडा उतरतो. पाणी अल्कधर्मी होतं, पीएच ९ च्या वर गेला की काचेतली वाळूच विरघळायला लागते. पावसानं धुतलेल्या काचेवरचा सोडा वाहून तरी जातो. पिशवीतला थेंब कुठं जाणार? तिथंच बसून खातो.

खानापूरला आमच्याकडं हंड्यांची जोडी होती. एक आज्जीनं जुन्या धोतरात गुंडाळून फळीवर ठेवली. दुसरी मी, शहाण्यानं, पॉलिथिनमध्ये, वर चिकटपट्टी! चार पावसाळ्यांनी उघडलं. आज्जीची लख्ख. माझी मोतीबिंदू झाल्यासारखी, हाताला साबणासारखी बुळबुळीत. पुसली, पण धुरकटपणा गेला नाही, जाणारही नाही. आज्जी म्हणाली, "शिकून वाया गेलास की रे!"

निपाणीचे एक काका विचारतायत, वाड्याच्या रंगीत तावदानांवर दुसरी काच लावून कडा सिलिकॉननं बंद करू का? अहो, तीही पिशवीच झाली! इंग्लंडात यॉर्क मिन्स्टर या जुन्या मोठ्या चर्चची पूर्वेची रंगीत काचेची खिडकी १४०५ ते १४०८ मधली. २०१८ ला तिची दुरुस्ती संपली, तेव्हा बाहेरून नवी काच लावली, पण मधल्या फटीत आतली हवा खेळती ठेवली. दव धरायचं ते नव्या काचेवर.

एकानं लिहिलंय, ओल शोषायला हंडी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो. मोबाइल आहे का तो? बिघडायला लागलेली काच एकदम वाळवली तर बारीक तडे जातात. म्युझियममध्येसुद्धा अशा काचेला आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, शून्य नाही.

सुती कापड, भिंतीपासून लांब, उघडीप पडली की कपाट उघडं. आणि काका, सिलिकॉनची ट्यूब दुकानात परत करा. बिल ठेवलं असेल तर.